शेतावरील निवासी चित्रकला शिबिरे : कोरडवाहू शेतीस पूरक उत्पन्न

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुका हा अवर्षणप्रवण भाग. खरिपात सोयाबीन, उडीद, तूर आणि रब्बीत ज्वारी, हरभरा ही येथील मुख्य पिके. पाऊस वेळेवर झाला तर घरात धान्य, नाही तर जनावरांच्या वैरणीचीही पंचाईत, हा अनुभव आपणा सर्वांचा आहे. म्हणून दुग्धव्यवसाय, शेळीपालन, कुक्कुटपालन, रेशीम उद्योग अशा पूरक धंद्यांची शिफारस नेहमी केली जाते. प्रस्तुत लेखात एका वेगळ्या आणि कमी परिचित पूरक धंद्याचा विचार केला आहे. तो म्हणजे आपल्या शेतावर चित्रकारांची निवासी शिबिरे भरविणे. या धंद्यात मिळकत आहे, तसेच घाई केल्यास कर्जात जाण्याचा धोकाही आहे. त्यामुळे दोन्ही बाजू हिशेबासह मांडल्या आहेत.

निवासी चित्रकला शिबिर म्हणजे काय?

शहरातील चित्रकार, चित्रकला महाविद्यालयांचे विद्यार्थी, शाळांतील कलाशिक्षक आणि हौशी मंडळी तीन ते सात दिवस एका ठिकाणी मुक्कामास राहतात. सकाळ-संध्याकाळ उघड्यावर बसून निसर्गचित्रे, माणसांची व जनावरांची रेखाटने करतात आणि रात्री एकमेकांची कामे पाहून चर्चा करतात. शिकविण्याची जबाबदारी त्यांच्याबरोबर आलेल्या मार्गदर्शक चित्रकाराची असते. शेतकऱ्याने द्यावयाच्या गोष्टी चारच : राहण्याची जागा, जेवण, काम करण्यास सावली व शांतता आणि पाहण्यासारखे चालू शेत.

हुरडा पार्टीस येणारा पाहुणा आणि चित्रकार यांत मोठा फरक आहे. हुरड्याचा पाहुणा चार तासांत जातो. त्याला झोका, बैलगाडी व करमणूक हवी असते. चित्रकार एकाच बांधावर तीन तास बसतो. त्याला पोहण्याचा तलाव, कारंजे किंवा सिमेंटचे हत्ती नकोत. त्याला कडब्याची गंज, मोटेचे जुने थारोळे, गोठ्यातील ऊन आणि खुरपणाऱ्या बायांची रांग हवी असते. थोडक्यात, जे आपल्याकडे आधीच आहे, तेच त्याला पाहिजे. या धंद्याचे मर्म हेच आहे. शेत हे शेतच राहिले पाहिजे. ते बागेसारखे सजविले की चित्रकाराच्या लेखी त्याची किंमत उतरते.

पूर्वीचे दाखले

हा विचार नवा नाही. फ्रान्समध्ये पॅरिसपासून सुमारे ६० कि.मी. अंतरावर बार्बिझाँ नावाचे लहान खेडे आहे. एकोणिसाव्या शतकात गान नावाच्या जोडप्याने तेथे साधी खाणावळ चालविली. शेजारचे जंगल व शेते रंगविण्यासाठी येणारे चित्रकार तेथे मुक्काम करीत. पावसाळी दिवसांत बाहेर जाता आले नाही, तर ते खाणावळीच्या भिंती व कपाटांची दारेच रंगवीत. आज त्या खाणावळीचे संग्रहालय झाले आहे. याच गावी १८४९ मध्ये मिले हा शेतकरी कुटुंबातील चित्रकार राहावयास आला. कापणीनंतर शेतात सरवा वेचणाऱ्या तीन बायांचे त्याचे १८५७ मधील चित्र जगप्रसिद्ध आहे. सरवा वेचणे आपल्याकडेही कोणास नवे नाही. मात्र त्यात चित्राचा विषय आहे, हे बाहेरून आलेल्या डोळ्याला आधी दिसते.

आपल्या राज्यातील दाखला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळी गावचा आहे. तेथील ठाकर समाजाकडे चित्रकथी व कळसूत्री बाहुल्यांची जुनी परंपरा आहे. श्री. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून २००६ मध्ये ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. यातून घ्यावयाचा धडा असा की, सुरुवात मोठ्या इमारतीने झाली नाही. हाती होता तो गोठा आणि घरात होती ती कला, एवढ्या भांडवलावर झाली.

तामलवाडी परिसराची अनुकूलता

तामलवाडी हे गाव सोलापूर-तुळजापूर महामार्गावर आहे. सोलापूरचे रेल्वे स्थानक जवळ असल्याने पुणे, मुंबई, हैदराबाद या बाजूंनी येणाऱ्यांची सोय होते. उत्तरेस बालाघाटाची रांग, काळी व मुरमाड जमीन, रब्बी ज्वारीचे सलग पट्टे, माळरान आणि मेंढपाळांचे वाडे, असे विविध विषय थोड्या अंतरात मिळतात.

एका दिवसाच्या सहलीसाठीही जिल्ह्यात ठिकाणांची वाण नाही. तुळजापूरचे श्री तुळजाभवानी मंदिर, बोरी नदीचे पाणी अडवून बांधलेल्या पाणीमहालासह नळदुर्गचा किल्ला, धाराशिवजवळील लेणी, परंड्याचा किल्ला आणि प्राचीन ‘तगर’ म्हणून ओळखले जाणारे तेर ही ठिकाणे चित्रकारांस आवडण्यासारखी आहेत. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उत्खननातील भाजक्या मातीच्या मूर्ती पाहावयास मिळतात. मूर्तिकामाच्या विद्यार्थ्यांस ती मोठी शिदोरी आहे.

एक मात्र लक्षात ठेवावे. महामार्गालगतची जमीन शिबिरास चालत नाही. वाहनांचा आवाज व धूळ यांमुळे काम होत नाही. रस्त्यापासून आत असलेले, पण जीप पोहोचेल असे शेत निवडावे.

हंगामाची निवड

१) पावसाळा : हिरवळ चांगली असते. परंतु दमट हवेत जलरंग वाळत नाहीत आणि काळ्या रानात पाय ठेवता येत नाही. पोळ्याच्या सुमारास एखादे दोन दिवसांचे शिबिर घेता येईल. शिंगे रंगविणे, झुली, बाशिंगे हे विषय तेव्हाच मिळतात.

२) शारदीय नवरात्र ते कोजागरी : या काळात सोलापूर व कर्नाटकाकडून तुळजापूरला पायी जाणाऱ्या भाविकांची महामार्गावर रीघ लागते आणि वाहतूक वळविली जाते. रेखाटनास विषय उत्तम, परंतु पाहुण्यांची ने-आण व मुक्कामाची व्यवस्था अवघड. नवख्या शेतकऱ्याने हा काळ टाळावा.

३) कार्तिक ते माघ : हा खरा हंगाम. हवा कोरडी, आकाश स्वच्छ, सकाळी धुके, ज्वारी पोटऱ्यात व पुढे हुरड्यात. मार्गशीर्ष अमावस्येस आपल्या भागात वेळ अमावस्या साजरी होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, चुना लावलेले पांडव, भज्जी, उंडे व अंबील हे सारे बाहेरच्या माणसाला अपूर्व वाटते. या दिवशी शिबिरार्थींना घरच्या पाहुण्यांप्रमाणे बोलवावे. त्यांच्यासाठी सणाचा वेगळा देखावा उभा करू नये.

४) फाल्गुनपासून पुढे : ज्वारीची काढणी, मोडणी व खळे हे विषय असतात. मात्र उन्हाचा ताप वाढतो व ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच वाळू लागतात. मार्चच्या मध्यानंतर शिबिर घेऊ नये.

कामाची जागा

चित्रकाराला सारखा, न बदलणारा उजेड लागतो. म्हणून कामाची शेड उत्तरेकडे उघडी व दक्षिणेकडे बंद असावी. पत्र्याची शेड दुपारी तापते. तिच्यावर कडब्याचे वा पाचटाचे छप्पर घालावे.

येथे बरेच जण एक चूक करतात. रोपवाटिकेत वापरलेली हिरवी शेडनेट जाळी सावलीसाठी बांधतात. हिरव्या जाळीतून येणारा उजेडही हिरवट असतो. त्याखाली रंगविलेले चित्र बाहेर उन्हात नेले की रंग चुकलेले दिसतात. त्याऐवजी पांढरे कापड किंवा कडब्याचा मांडव वापरावा. झाडांत कडुनिंब, चिंच व आंबा यांच्या सावलीचा उपयोग करून घ्यावा.

बसण्यास तिवया किंवा बाजा, पाण्याचे दोन पिंप आणि चित्रे वाळत ठेवण्यास तारेचा किंवा बांबूचा मांडणीवजा कप्पा एवढे साहित्य पुरते.

निवासाची सोय

चित्रकार साधेपणा सहन करतात, अस्वच्छता नाही. सहा ते आठ माणसांमागे किमान एक स्वच्छतागृह व एक न्हाणीघर असावे. स्त्रियांसाठी वेगळी सोय, आतून कडी आणि रात्रभर दिवा या गोष्टींत तडजोड करू नये. झोपण्यास स्वच्छ गाद्या, धुतलेल्या चादरी व मच्छरदाण्या द्याव्यात. चादरी आपल्या सोलापूरच्याच घ्याव्यात. टिकतात आणि पाहुणे जाताना एखादी विकतही मागतात.

जुने माळवदाचे घर किंवा वाडा असल्यास पाहुण्यास तेथेच ठेवावे असे वाटते. परंतु ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती आणि मातीची माळवदे कोसळूनच आपल्या भागात मोठी प्राणहानी झाली, हे विसरता कामा नये. असे घर चित्र काढण्यास जरूर दाखवावे. जाणकार अभियंत्याने तपासल्याशिवाय त्यात कोणास झोपवू नये.

दिनक्रम व भोजन

चित्रकाराचे वेळापत्रक सूर्यावर चालते. सकाळी सात ते दहा व दुपारी चार ते सूर्यास्त या वेळी सावल्या लांब असतात व काम भरात येते. या वेळात जेवणाची हाक मारू नये. पहाटे सहाला चहा, साडेसहाला न्याहारी, साडेअकराला जेवण, साडेतीनला चहा आणि रात्री आठला जेवण असा क्रम ठेवावा.

जेवण घरचेच द्यावे. ज्वारीची भाकरी, पिठले, हरभऱ्याची भाजी, वांग्याचे भरीत, शेंगाची चटणी, दही, एखाद्या दिवशी शेंगापोळी किंवा खव्याची पोळी. पनीर व नूडल्स त्यांना शहरात मिळतात. त्यासाठी कोणी तामलवाडीस येत नाही. पिण्याचे पाणी उकळून किंवा शुद्ध करूनच द्यावे.

गावातील कारागिरांचा सहभाग

शिबिराचा लाभ एका घरापुरता राहिला तर गावाचे सहकार्य मिळत नाही. कुंभाराचे चाक, संबळ वाजविणारे गोंधळी, कवड्यांची माळ घातलेले आराधी, तांड्यावरील बंजारा भरतकाम करणाऱ्या भगिनी, घोंगडी विणणारे कारागीर यांपैकी जे आपल्या पंचक्रोशीत असतील त्यांना एकेका संध्याकाळी बोलवावे व ठरलेले मानधन द्यावे. मानधन आधी ठरवावे आणि त्याच दिवशी द्यावे. “पाहुणे खूश होऊन देतील ते घ्या” असे सांगणे हा कारागिराचा अपमान आहे.

गेरू, चुना, काजळ, हळद, पांढरी माती, मुरमाचे निरनिराळे रंग यांपासून रंग तयार करून दाखविल्यास शिबिरार्थींना नवे शिकावयास मिळते. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायांना हे ज्ञान असते. या प्रात्यक्षिकाचेही मानधन त्यांना द्यावे.

शेतात काम करणाऱ्या माणसाचे चित्र काढण्यापूर्वी किंवा छायाचित्र घेण्यापूर्वी त्याची परवानगी घ्यावी, हा नियम पहिल्याच दिवशी सांगावा. कोणास तासभर समोर बसवावयाचे असल्यास त्या वेळेची मजुरी शिबिरार्थींनी द्यावी.

हिशेब : नफा कोठे सुरू होतो?

पुढील आकडे उदाहरणासाठी धरले आहेत. आपल्या गावचे दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. शिबिर तीन मुक्कामांचे असून निवास व भोजनाचे शुल्क प्रत्येकी दर मुक्कामास १,२०० रुपये, म्हणजे एका शिबिरार्थीचे ३,६०० रुपये, असे धरू. मार्गदर्शकाचे मानधन व रंगसाहित्य यांची वर्गणी शिबिराचे आयोजक वेगळी घेतात.

अ) माणसांच्या संख्येप्रमाणे वाढणारा खर्च : भोजन दर मुक्कामास ४०० रुपये, म्हणजे १,२०० रुपये. अंथरूण-पांघरूण भाडे व धुलाई ३०० रुपये. एकूण दर माणशी १,५०० रुपये.

ब) माणसे कमी असोत वा जास्त, होणारच असा खर्च :

स्वयंपाक करणाऱ्या तीन भगिनी, चार दिवस, रोज ५०० रुपये : ६,००० रुपये
दोन मदतनीस, चार दिवस, रोज ५०० रुपये : ४,००० रुपये
कारागिरांचे मानधन : ३,००० रुपये
पाणी, वीज व गॅस : २,५०० रुपये
मार्गदर्शकाचे भोजन व अंथरूण : १,५०० रुपये
औषधपेटी व तातडीचे वाहन : १,५०० रुपये
दूरध्वनी व पत्रके : १,००० रुपये
एकूण : १९,५०० रुपये

एका शिबिरार्थीकडून खर्च वजा जाता २,१०० रुपये उरतात. त्यातून १९,५०० रुपये भागावयाचे तर किमान १० माणसे हवीत. त्यानुसार चित्र असे दिसते :

८ शिबिरार्थी : २,७०० रुपये तोटा
१० शिबिरार्थी : १,५०० रुपये नफा
१२ शिबिरार्थी : ५,७०० रुपये नफा
१५ शिबिरार्थी : १२,००० रुपये नफा

यावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, दहा जणांची आगाऊ रक्कम हाती आल्याशिवाय तारीख पक्की करू नये. निम्मी रक्कम पंधरा दिवस आधी घ्यावी.

दुसरी, घरच्या बायांची मजुरी खर्चात धरलीच पाहिजे. पुष्कळ घरांत ती धरली जात नाही आणि मग नफा फुगलेला दिसतो. वरच्या उदाहरणात बारा जणांच्या शिबिरात नफा ५,७०० रुपये, तर स्वयंपाकाची मजुरी ६,००० रुपये आहे. ही मजुरी न देता धंदा केला, तर तो नफा नसून घरच्या बायकांचे न दिलेले वेतन आहे. मजुरी त्यांच्या स्वतःच्या किंवा बचत गटाच्या खात्यावर जमा करावी.

तिसरी गोष्ट कर्जाची. समजा, दीड लाख रुपये कर्ज काढून पहिल्याच वर्षी खोल्या व स्वच्छतागृहे बांधली. हंगामात बारा जणांची सहा शिबिरे झाली तरी नफा ३४,२०० रुपये होतो. म्हणजे व्याज न धरताही कर्ज फिटण्यास चार वर्षांहून अधिक काळ लागेल. एक हंगाम जरी रिकामा गेला तरी हप्ते थकतील. म्हणून पहिली दोन वर्षे भाड्याचे तंबू व गाद्या वापरावीत. पक्के बांधकाम करावयाचेच असेल तर फक्त स्वच्छतागृहाचे करावे. ते घरच्यांनाही उपयोगी पडते. बाकीचे बांधकाम शिबिराच्या शिलकीतूनच करावे.

ज्वारी, तूरडाळ, शेंगाची चटणी, खवा यांची विक्री होते. तिचा हिशेब वेगळा लिहावा. तो शिबिराच्या हिशेबात मिसळल्यास कोणता धंदा पोसतो आणि कोणता खातो हे कळत नाही.

सुरक्षिततेची दक्षता

१) शिबिराच्या आधी आठवडाभर व शिबिर चालू असताना मुक्कामाच्या व कामाच्या जागेजवळ कीटकनाशकांची फवारणी करू नये. औषधांचे डबे कुलुपात ठेवावेत.

२) काही चित्ररंगांत शिसे, कॅडमियम असे विषारी घटक असतात. कुंचले धुतलेले पाणी जनावरांच्या हौदात, पाटात किंवा विहिरीजवळ टाकू देऊ नये. त्यासाठी वेगळे पिंप ठेवावे. तेलरंगांची फडकी व टाकाऊ द्रव डब्यात भरून आयोजकांनी परत न्यावा, असे आधीच ठरवावे.

३) टर्पेंटाइन व थिनर लवकर पेट घेतात. कडब्याच्या गंजीजवळ व चुलीजवळ ते वापरू देऊ नयेत. वाळूच्या दोन बादल्या तयार ठेवाव्यात.

४) विहिरीस कठडा नसल्यास तेथे कोणास बसू देऊ नये. उघड्या विद्युत तारा, कडबाकुट्टीचे यंत्र यांपासून पाहुण्यांस दूर ठेवावे.

५) रात्री विजेरी व बूट वापरण्यास सांगावे. सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न घालविता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व रुग्णास शासकीय रुग्णालयात हलवावे.

नोंदणी व कागदपत्रे

महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार शेतकऱ्यास आपल्या केंद्राची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करता येते. बाहेरच्या लोकांना पैसे घेऊन जेवण द्यावयाचे असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालील नोंदणी करावी. मुक्कामास येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, पत्ता व ओळखपत्र यांची वही ठेवावी. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते.

चित्राचा हक्क चित्रकाराचा असतो. आपल्या शेताचे चित्र आहे म्हणून ते चटणीच्या पाकिटावर छापता येत नाही. त्यासाठी लेखी परवानगी घ्यावी. एखादे चित्र आठवण म्हणून मिळावे अशी इच्छा असेल तर ती आधीच बोलावी. सक्ती करू नये.

शिबिरार्थी कोठून मिळतील?

पहिले गिऱ्हाईक जवळचेच असते. सोलापूर, तुळजापूर, धाराशिव येथील शाळांच्या कलाशिक्षकांना भेटावे. एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांसाठी एक दिवसाचे, बिनमुक्कामाचे शिबिर घेऊन आपली व्यवस्था तपासून पाहावी. त्यात काय कमी पडते हे कमी खर्चात कळते. त्यानंतर छत्रपती संभाजीनगर, पुणे व मुंबई येथील चित्रकला महाविद्यालयांना पत्र लिहावे. निसर्गचित्रण हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. पत्रासोबत शेताची साधी, खरी छायाचित्रे द्यावीत. जे नाही ते आहे म्हणून सांगू नये.

समारोप

शेतकरी बंधू-भगिनींनो, हा धंदा शेतीची जागा घेणारा नाही. वर्षातील वीस-पंचवीस दिवसांचे हे काम आहे आणि शेत पिकते ठेवले तरच ते चालते. ज्या घरात माणसांची ये-जा आवडते, घरच्या स्त्रिया या कामास मनापासून तयार आहेत आणि पाण्याची सोय आहे, त्याच घराने ते हाती घ्यावे. आरंभ एका दिवसाच्या शिबिराने करावा, हिशेब वहीत लिहावा आणि दोन हंगामांनंतर वही पाहूनच पुढचे पाऊल टाकावे. अधिक माहितीसाठी तुळजापूर येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.